इंजिनाचा पोळा

ठमाबाई लिफ्टमधून बाहेर आली ती चपला हातात घेऊनच. एवढ्या लखलखीत फरशीवर पायताण कसं ठेवायचं, असं तिला वाटलं असणार; पण विचारलं असतं तर कबूल केलं नसतं. चपला नव्या हायत, उगा झिजतील, असं म्हणाली असती. मागून आशा, तिची लेक, दोन पिशव्या आणि आईचा स्वेटर सांभाळत येत होती. सगळ्यांत पुढे आशाचा मुलगा मयूर, लॅपटॉपची बॅग छातीशी धरून. दार मंजुषानं उघडलं. हसू आणायला तिला जरासा उशीर झाला आणि तेवढा ठमाबाईनं बरोबर टिपला.

नाशकातल्या पाथर्डी फाट्यावरच्या या घरात ती बहिरूच्या दहाव्यानंतर पहिल्यांदाच येत होती. बहिरू तिचा भाऊ, मंजुषाचा नवरा अमित आणि त्याची बहीण ज्योत्स्ना यांचा बाप. पण बहिरूनं हयातीत तिला कधी बहीण म्हटलं नाही. "आईची पोर" म्हणायचा. त्याचं कारण त्यांच्या सगळ्या गावाला, करंजपाड्याला, तोंडपाठ होतं. दोघांचा बाप बारकू, इगतपुरीच्या रेल्वे इंजिन शेडमधला खलाशी म्हणजे हरकाम्या मजूर, जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत घर सोडून गेला तेव्हा बहिरू सात वर्षांचा होता आणि ठमाबाई जन्मायची होती. बाप गेल्यावर जन्मलेल्या पोरीबद्दल गाव काय बोलतं ते सांगायला नको. तोंडावर बोलत नाही, एवढीच गावाची माणुसकी.

बारकू गेला यात नवल नव्हतं. हुकूम होता. लढाईसाठी इराकला इंजिनं पाठवायची होती, जहाजावर चढवून. त्यांच्याबरोबर पाचरी ठोकायला, वंगण बघायला शेडमधले खलाशी नेमले, त्यांत हा. नवल पुढेच झालं. बारकू गेला, मागोमाग पोळा आला, आणि बैलांना सजवायला काढलं तर खुंटीवरच्या दोन घुंगरमाळांपैकी एक गायब. एका माळेनं जोडी सजत नाही. एका बैलाच्या गळ्यात वाजतंय आणि दुसरा मुका, असली जोडी वेशीत नेली तर लोक हसतात. म्हणून दोन्ही बैल बोडक्या मानेनं गेले आणि लोक हसायचे ते हसलेच. त्या दिवशी कासरा धरायला बहिरू होता.

आता विचार करा, माणूस सरकारी कामाला जाताना बैलाची माळ कशाला नेईल? करंजपाड्यानं विचार केला आणि उत्तर काढलं: दुसरं बिऱ्हाड थाटायला. दुसऱ्या बाईच्या दारातल्या बैलाला बांधायला. पुढे जहाज बुडाल्याची बातमी आली, तरी बारकूला जहाजावर चढताना पाहणारा एकही माणूस निघाला नाही. मग तर गावाची खात्रीच पटली. मुंबईच्या गोदीतूनच पळाला, गुजरातेत आहे, तिकडे त्याला चार पोरं आहेत, इथपर्यंत मजल गेली. ही चूक शेतकऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती, पण झाली ती पक्की झाली.

आणि म्हणूनच बारकूचा चिरा बसला नाही. करंजपाड्याच्या शिवेवर मेलेल्या माणसांचे दगड ओळीनं उभे आहेत. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. त्यांना चिरे म्हणतात. चिरा बसला की मेलेला माणूस घरचा होतो, सणावाराला त्याला घास मिळतो. बारकूची बायको चिमणाबाई गेली, तिचा चिरा बसला, शेजारची जागा मोकळी राहिली. ठमाबाई त्याच दिवशी भगताच्या पाया पडली होती. बाप मेलाच आहे, त्याचाही बसवा, मी हात लावते. तेव्हाचा भगत म्हणाला, दगडाला रक्ताचा हात लागतो, तू त्याची आहेस हे तुझ्या भावानं म्हणावं. सगळं गाव बहिरूकडे बघायला लागलं. बहिरू म्हणाला, "माझ्या घरातला हात त्या माणसाच्या दगडाला लागणार नाही." बाकी काही बोललाच नाही. ठमाबाईनं जे ऐकायला जीव कानात आणला होता ते तसंच राहिलं, आणि आता तिची ऐंशी उलटली होती.

अमितला हे सगळं ठाऊक होतं आणि या विषयात पडायची त्याला मुळीच हौस नव्हती. बापाचा शब्द बापाबरोबर गेला असता तर बरं, पण तसं होत नाही. तो मोठ्या मुलाच्या गळ्यात येऊन पडतो. अंबडला त्याचं फॅब्रिकेशनचं युनिट. दोन गल्ल्या सोडून एका कारखान्यात मयूर मशीनवर काम करायचा आणि गेला महिनाभर जेवणाच्या सुट्टीत येऊन डोकं खात होता. मामा, एक फिल्म दाखवायची आहे. मामा, आजीला घेऊन येऊ का. शेवटी अमित म्हणाला, ये बाबा रविवारी, पण चिऱ्याचा विषय निघाला तर मी उठून जाईन. धाकटी बहीण ज्योत्स्ना, नाशिक रोडला शाळेत मुख्याध्यापिका, तिलाही त्यानं आधाराला बोलावून घेतलं. तर तीच सकाळपासून त्याच्यामागे लागली होती: म्हातारीचं शेवटचं मागणं आहे, दादा, ताणू नकोस, बाबा आता काय बघायला येणार आहेत.

चहा झाला. मंजुषानं आग्रह केला, ठमाबाईनं दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा बशी पुढे केली. आशानं घोटीच्या दवाखान्यातल्या दोन गोष्टी सांगितल्या. ती तिथे सिस्टर होती, त्यामुळे तिच्याकडे गोष्टींना तोटा नव्हता. मयूरनं तोवर टीव्हीला वायर जोडली.

"आजी, तू पुढे बस," तो म्हणाला. "डोळे मिटू नकोस मात्र."

फिल्म इंग्रजीत होती. पाणबुड्यांचं एक पथक ओमानच्या बाजूला समुद्रात बुडालेली जुनी जहाजं शोधत होतं, त्यात त्यांना हे जहाज सापडलं होतं. मयूर मध्ये मध्ये थांबवून सांगत होता. आधी नुसतं हिरवं पाणी, मग काळं. मग पाणबुड्याचा दिवा एका मोठ्या चाकावर पडला. चाक वर होतं. एक इंजिन पाठीवर पडलेलं, चाकं आभाळाकडे, आणि त्यांच्या आऱ्यांतून मासे ये-जा करत होते. मयूरनं सांगितलं, पाणतीर लागला, जहाज बुडता बुडता कलंडलं, डेकवरची इंजिनं साखळ्या तोडून घसरली आणि सुटी सुटी खाली गेली. जहाज एकीकडे, इंजिनं एकीकडे. दिवा पुढे सरकला. वाळू, वाळू, आणि एकदम समोर दुसरं इंजिन.

ते उभं होतं.

समुद्राच्या तळाशी, वाळूत चाकं रोवून, सरळ. चिमणी वर, बॉयलरवर शिंपल्यांचा थर, केबिनच्या खिडकीतून एक जाडजूड मासा बाहेर डोकावत होता. शेडमधून आत्ता बाहेर काढून ठेवल्यासारखं. अमित सोफ्यावरून कधी उठला त्याचं त्यालाच कळलं नाही. जन्मभर त्यानं लोखंड कापलं, वाकवलं, जोडलं. पावसात आठवडाभर उघडा राहिलेला पत्रा कसा खातो ते त्याला माहीत होतं. आणि हे ऐंशी वर्षं खाऱ्या पाण्यात उभं. या इंजिनाला आपल्या आजोबाचा हात लागला असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच बापाचा चेहरा आठवून त्यानं ते मनातून हाकललं.

"असेल," तो म्हणाला. "पण आजोबा त्या जहाजावर होते कशावरून?"

मयूरनं लॅपटॉप जवळ ओढला. फिल्म थोडी पुढे नेली आणि थांबवली. इंजिनाचं तोंड. तिथे पुढचा दिवा लावायचा लोखंडी हूक असतो, त्या हुकाला काहीतरी लोंबत होतं. फिल्ममधला गोरा माणूस म्हणत होता, पितळी घंट्या दिसतात, कदाचित जहाजावरच्या दुसऱ्या मालातल्या असतील. मयूरला ते ऐकून झोप लागली नव्हती. त्यानं त्या लोकांना पत्र टाकलं होतं, जवळून काढलेला फोटो असेल तर पाठवा म्हणून. आणि कौतुक त्यांचं, त्यांनी पाठवला. तिथलं काही वर काढायची परवानगी नाही, बुडालेल्या माणसांची ती जागा आहे, पण एका पाणबुड्यानं हातमोज्यानं एक घंटा पुसून फोटो घेतला होता.

फोटो टीव्हीभर पसरला. तांब्याची तार, खलाशाच्या हातानं पिळून हुकाला घट्ट आवळलेली. त्या तारेत ओवलेले घुंगरू, हिरवे पडलेले, मध्ये एक मोठं. पुसलेल्या घुंगराच्या काठावर नक्षी.

"मामी," मयूर म्हणाला, "ती भिंतीवरची माळ काढता?"

उरलेली माळ या घरात दाराशेजारी टांगलेली होती. बहिरूनं ती मरेपर्यंत जपली. बापाच्या गुन्ह्याचा पुरावाच होता तो त्याच्या लेखी. तो गेल्यावर मंजुषानं ती चिंचेनं घासून लख्ख केली आणि हॉलमध्ये लावली. येणारे-जाणारे विचारायचे, ही अँटिक कुठून आणलीत, आणि ती सांगायची, गावची. तिनं माळ काढली, टीव्हीजवळ नेली आणि काठावर बोट फिरवत उभी राहिली. दर दिवाळीला या नक्षीत अडकलेली चिंच ती काडीनं काढायची. चिमणाबाईच्या बापानं लेकीच्या लग्नात बैलजोडी दिली होती, आणि जोडीसाठी ओतारी घरी बसवून माळा ओतवल्या होत्या. काठाला भाताची लोंबी, दाणा न दाणा मोजता येईल अशी.

"लोंबीच आहे ही," मंजुषा म्हणाली. "अहो, ही आपलीच आहे."

आशानं तोंडाला पदर लावला. ठमाबाई उठली, टीव्हीपाशी गेली आणि बोट लावायला हात उचलला, पण काचेला हात लावावा की नाही म्हणून तसाच ठेवला.

"पोळा केला त्यानं," ती म्हणाली. "बैल नव्हता तर इंजिनाचा केला."

मग मात्र ती बोलत सुटली. आई सांगायची ते सगळं. बारकू इंजिनाला बैलच म्हणायचा. कसाऱ्याचा घाट चढताना मान टाकत नाय म्हणायचा, दम लागला तर थांबतो पण मागं सरत नाय. शेडमधले लोक त्याला हसायचे. आई म्हणायची, घरच्या बैलांपेक्षा त्या काळ्याचं कौतुक ज्यास्त. आणि एकच माळ का नेली, तर बैल दोन असतात, इंजिन एकटं. समुद्रात सण आला, भोवती सगळं पाणीच पाणी, आणि या डोंगरातल्या माणसानं आपल्या जनावराच्या गळ्यात माळ बांधली. हे सांगताना ठमाबाईच्या तोंडावर जे आलं होतं ते आशानं जन्मात पाहिलं नव्हतं. आपली आई देखणी आहे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

अमित तर हसतही होता आणि डोळेही पुसत होता. जहाजावर मालाबरोबर गेलेली माणसं किती असतील, पण समुद्राच्या तळाशी स्वतःची खूण ठेवून राहिलेला एकच, आणि तो आपला आजा. युनिटमधल्या पोरांना उद्या सांगायचं, असं त्यानं ठरवूनही टाकलं. मंजुषाला म्हणाला, काहीतरी गोड कर. आणि मग आत्याकडे वळून म्हणाला, "आत्या, चिरा बसवायचा. मी हात लावतो. बाबांना काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगेन."

उठून जाणार होता तो! चिऱ्याचा विषय निघाला तर उठेन, असं स्वतःच बजावलेलं तोच विसरला. पण दुसरंच माणूस उठलं.

"म्हणजे नेलीच ना," ज्योत्स्ना म्हणाली.

सकाळी म्हातारीची बाजू घेणारी तीच, आणि आता तिचा चेहरा पांढरा पडला होता. बाकीच्यांना टीव्हीवर माळ दिसत होती. तिला बाबा दिसत होते. नाशकात आल्यावरसुद्धा पोळ्याच्या दिवशी बाबा खोलीचं दार लावून बसायचे. रविवार कारंज्यावर मातीचे बैल विकायला यायचे, शेजारच्या पोरी आणायच्या, हिनं एकदा हट्ट धरला तर बाबांनी आयुष्यातली एकच थोबाडीत दिली होती. मग रात्री तिच्या उशाशी बसून राहिले होते. तिनं डोळे मिटून झोपेचं सोंग केलं होतं, आणि बाबांच्या नाकाचा सूं सूं आवाज ऐकला होता.

"बाबा जन्मभर सांगत होते, माळ त्यानं नेली. आपण म्हणायचो, सोडा हो बाबा. नेलीच की त्यानं!" तिचा आवाज वर्गात चढतो तसा चढला. "सात वर्षांच्या पोराच्या हातात बोडके बैल दिले आणि तिकडे लोखंडाला सजवलं. एक शब्द सांगून गेला असता. आणि आता आपण गोडधोड करून खायचं? दादा, बाबांचा शब्द तू मोडलास तर मी त्या चिऱ्याला येणार नाही. तुझ्या घरीही येणार नाही."

अमित म्हणाला, अगं, तो मेला तिकडे. ज्योत्स्ना म्हणाली, मेला म्हणून चुकलं नाही का. आशाला राहवेना. ती म्हणाली, तुमच्या बाबांची एक दिवस मान खाली गेली, माझ्या आईची रोज जात होती, ती कुणी हिशेबात धरली? मंजुषा गॅसजवळ तशीच उभी राहिली, रवा भाजावा की नाही ते तिला कळेना. मयूरला वाटलं, झक मारली आणि ही फिल्म आणली. दोन तासांपूर्वी जी माणसं दोन बाजूंना होती ती आता तिसऱ्याच बाजूंना उभी होती, आणि चिरा होता तिथेच राहायची वेळ आली होती.

ठमाबाई टीव्हीसमोरून मागे वळली. जे हवं ते तिला मिळालं होतं, अमित हात लावतो म्हणाला होता. पोरगी रागावून गेली तर जाईना का. चार दिवसांनी येईल, नाही तर नाही येणार. एवढी वर्षं कुणी आपलं म्हटलं नाही, त्यात आणखी एक. असा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला सांगा. पण ज्योत्स्नाचा जबडा घट्ट मिटलेला होता, थेट बहिरूसारखा. आईच्या चिऱ्यापाशी बहिरू असाच उभा होता. सगळे परत फिरल्यावरही तो त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला होता, आणि हे ठमाबाईशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

ती ज्योत्स्नाच्या शेजारी जाऊन बसली. सोफा खोल, बसताना तिचा तोल गेला, तर ज्योत्स्नानं रागातच तिचा दंड धरला.

"खरं हाय तुझं," ठमाबाई म्हणाली. "माझ्या बापानं तुझ्या बापाला गावासमोर उघडं पाडलं. इसरला आसंल, नायतर वाटलं आसंल पोळ्याच्या आत माघारी येऊ. काय झालं ते मला ठावं नाय. पण चुकलं ते चुकलं. त्याचा राग तुझ्या बापानं माझ्यावर काढला. कुणावर काढणार? बाप तर समोर नव्हता. मी व्हते. म्या कधी तक्रार केली नाय, इचार आशाला."

आशानं मान हलवली.

"पर तो पळाला नाय, ज्योत्स्ना. पोराला टाकून दुसरीकडं गेला नाय. बहिरूला हे कळायला पायजे व्हतं. तो निवांत झोपला आसता." आणि मग तिनं टीव्हीवरच्या माळेकडे पाहिलं. "माझ्यापरीस त्यालाच ज्यास्त पायजे व्हता बाप. म्या तर पाह्यलाच नव्हता."

ज्योत्स्ना रडायला लागली. शाळेतली तीनशे पोरं जिच्या नजरेनं गप्प बसतात ती बाई, म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडली. ठमाबाईनं तिला थोपटलं नाही, नुसती बसून राहिली. अमितला काय करावं सुचेना म्हणून तो पाणी आणायला आत गेला, आणि आत जाऊन मंजुषाला म्हणाला, रवा भाज.

पाणी पिऊन झाल्यावर ज्योत्स्नानं चष्मा पुसला. तिचं असं होतं की रडून झालं की डोकं चालायला लागायचं.

"दादा, बाबा नेमकं काय म्हणाले होते?"

अमितनं सांगितलं. माझ्या घरातला हात लागणार नाही.

"मग नाहीच लागणार," ती म्हणाली. "तुझा नाही, माझा नाही. बाबांचा शब्द राहील. हात आत्याचा लागेल, तिचं घर वेगळं."

अमित म्हणाला, पण त्यासाठी भावानं म्हणायला लागतं. भाऊ कुठे आहे आता?

"भावाची पोरं आहेत की. लाव फोन भगताला."

करंजपाड्यात हल्लीचा भगत लहानू, जुन्या भगताचा मुलगा. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तरच त्याच्या फोनला रेंज यायची. पहिल्यांदा फोन लागला तो तुटला. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोनं उचलला आणि ती त्याला हाक मारायला गेली. खोलीत सगळे फोनभोवती गोळा होऊन बसले. शेवटी लहानू आला, आणि अमितनं स्पीकर चालू करून सगळी हकिगत सांगितली. जहाज, इंजिन, माळ, लोंबी. लहानूनं मध्ये एकदाच विचारलं, माळ तीच कशावरून, आणि मंजुषानं पुढे होऊन सांगितलं, की दुसरी माझ्या हातात आहे.

मग लहानू म्हणाला, ही खूण चालते. हाडं नसली तरी चालते. दगडावर काय कोरायचं?

घोडा तर नको, असं अमितचं म्हणणं. माणूस कधी घोड्यावर बसलाच नाही. इंजिन कोरलं तर? पाथरवटाला मी मापं काढून देतो.

लहानू हसला. "कोरा की. घोडा काय न् इंजिन काय, पाणी दोघांना लागतंय." मग त्याचा आवाज बदलला, भगताचा झाला. "दगड बारकूचा. हात कुणाचा?"

अमितनं तोंड उघडलं, पण ज्योत्स्नानं फोन स्वतःकडे ओढला.

"मी बहिरूची मुलगी बोलते. माझा भाऊ शेजारी आहे. हात ठमा आत्याचा. ती बारकूची मुलगी, आमच्या बाबांची बहीण. हे आम्ही दोघं सांगतो. गावात येऊन सगळ्यांसमोर सांगू."

"हो," अमित म्हणाला. "सांगू."

"तिला द्या फोन. जिचा हात तिनंच सांगाया लागतं."

ठमाबाईनं फोन दोन्ही हातांत घेतला. आशानं तिला खूण केली, बोल, ऐकू येतंय त्याला. म्हातारी ताठ बसली. पदर डोक्यावरून सारखा केला. इतकी वर्षं जे वाक्य दुसऱ्या कुणीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती, ते आता तिला म्हणायचं होतं. मयूरनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मी ठमा," ती म्हणाली. "बारकूची."

पलीकडे टाकीपाशी कुणीतरी भरलेला हंडा उतरवल्याचा आवाज आला.

"ये मग, ठमाआत्या," लहानू म्हणाला. "दगड घडला की मंगळवारी ये. ऊन चढायच्या आत बापाला घेऊन गावात ये."